घाटात तीन समांतर लाइन टाकताना उंची जुळत नाहीये (ट्रेन्झ)

पळसदरीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

गेले चार महिने ट्रेन्झमध्ये (रेल्वेचं सिम्युलेटर) बोरघाट करायला घेतलाय. कर्जत ते लोणावळा, अप, डाऊन आणि मिडल अशा तिन्ही लाइन. लहानपण पळसदरीला गेलं, रात्री अंथरुणात पडलो की घाट चढणाऱ्या गाडीमागच्या बँकरचा (मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा) आवाज यायचा आणि त्यातच झोप लागायची, त्यामुळे हे काम मला मनापासून नीट करायचंय.

खऱ्या मार्गाला हात घालायच्या आधी सरावासाठी एक वेगळा तुकडा केला. तीनेक किलोमीटरचा. आधी सरळ, मग एक मोठं उजवं वळण, एकूण १२० अंशांचं, घोड्याच्या नालेसारखं, मग परत सरळ आणि तिथे सिग्नलच्या केबिनजवळ क्रॉसओव्हर, म्हणजे एका लाइनवरून दुसरीवर जायचा जोडरूळ. दोन लाइनमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५.३ मीटर. तिन्ही लाइन एकाच उंचीवर सुरू केल्या आणि तिन्हींना ग्रेडियंट टूलने २.७ टक्के चढ लावला, म्हणजे आपला बोरघाटाचा ३७ला १ (३७ मीटरमागे १ मीटर चढ).

वर पोचल्यावर आतल्या लाइनपेक्षा मधली ३० सेंटीमीटर वर आणि बाहेरची ६० सेंटीमीटर वर! क्रॉसओव्हर जोडला की तिथे रुळाला चक्क कुबड येतं आणि डबे त्यावरून उड्या मारत जातात. तीन वेळा सगळं पुसून नव्याने टाकलं, तिन्ही वेळा अगदी तेवढाच फरक. चढ एकच, सुरुवात एकच, मग हा फरक येतो कुठून?

कसारा_फास्ट

माझंही थळघाटात हेच झालं होतं. मी वरच्या टोकाला पॉइंट माऊसने धरून खाली ओढला आणि डोळ्याला बरं दिसेपर्यंत दाबत बसलो. दिसायला ठीक झालं पण शेवटच्या शंभर मीटरमध्ये चढ एकदम कमी झाला आणि मालगाडी तिथे पोचली की इंजिनाचा आवाजच बदलायचा. त्यामुळे हा उपाय करू नका एवढंच सांगतो. उत्तर मलाही हवंय, खुर्ची ओढून बसलोय.

रुळावर_गाडी

राउंडिंग असेल. २.७ म्हणजे ३७ला १ नाही, ३७ला १ म्हणजे २.७०३. शेवटपर्यंत फरक साचत जात असेल. तीन दशांश स्थळं टाकून बघा.

पळसदरीकर

@रुळावर_गाडी, टाकून बघितलं. तिन्ही लाइन तेवढ्याच वर गेल्या, आपसातला फरक तसाच राहिला.

गोदाकाठ

राउंडिंग नाही हो, ही साधी भूमिती आहे. मी शाळेत गणित शिकवते आणि सिम्युलेटर माझा मुलगा खेळतो, पण हा प्रश्न वाचून कागद पेन्सिल घेऊन बसले.

वळणावर बाहेरची लाइन आतल्या लाइनपेक्षा लांब असते, बरोबर? किती लांब, तर दोन लाइनमधलं अंतर गुणिले वळलेला कोन, कोन रेडियनमध्ये. १२० अंश म्हणजे २.०९४ रेडियन. ५.३ ला त्याने गुणलं की ११.१ मीटर. म्हणजे तुमची मधली लाइन आतल्या लाइनपेक्षा ११.१ मीटर जास्त धावली, आणि प्रत्येक मीटरला २.७ सेंटीमीटर चढत धावली. ११.१ गुणिले २.७ करा, ३० सेंटीमीटर येतात. बाहेरच्या लाइनचे त्याच्या दुप्पट, ६०. तुमचा आकडा तंतोतंत!

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यात त्रिज्या कुठेच येत नाही. वळण २०० मीटर त्रिज्येचं घ्या नाहीतर दोन किलोमीटरचं, १२० अंश वळलात की फरक ११.१ मीटरच. उद्या वर्गात हेच उदाहरण घेणार आहे.

पळसदरीकर

ताई, हात जोडून धन्यवाद. चार दिवस मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो.

पण मग प्रश्न तसाच राहतो ना, खऱ्या घाटात काय करतात? तिथे तर तिन्ही लाइनना ३७ला १ असंच म्हणतात सगळे.

देवगिरी

मला वाटतं खऱ्या घाटात हा प्रश्न आपोआप सुटतो. घाट काही एकाच बाजूला वळत जात नाही, डावं वळण आलं की पुढे उजवं येतं. डाव्या वळणावर जी लाइन बाहेर असते ती उजव्यावर आत येते, मग आधी कमावलेली उंची तिथे परत जाते. सुरुवातीची दिशा आणि शेवटची दिशा एक असेल तर फरक शून्य. त्यामुळे सगळीकडे एकच चढ ठेवा, घाट संपेपर्यंत जुळेल.

कसारा_फास्ट

@देवगिरी, घाट संपेपर्यंत जुळेल हो, पण क्रॉसओव्हर घाटाच्या मधे असतात. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. त्या प्रत्येक ठिकाणी सुरुवातीची दिशाच असेल याची काय खात्री?

देवगिरी

हं, हा मुद्दा मान्य.

आल्प्सकडून

अवांतर आहे पण राहवत नाही. झुरिकजवळ राहतो, गोटहार्डच्या जुन्या मार्गावर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन बसतो. तो मार्ग १८८२ चा, दुपदरी, आणि चढ थेट आपल्या बोरघाटाच्या जवळपास, हजारी २७ पर्यंत. वासेन गावाजवळ गाडी डोंगराच्या पोटात एवढी वळणं घेते की गावातलं एकच चर्च खिडकीतून तीन वेळा दिसतं, आधी वर, मग समोर, मग खाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोला म्हटलं होतं की इथे चर्च फार आहेत!

मुद्दा असा की तिथे फाफेनश्प्रुंगचा बोगदा जवळजवळ पूर्ण गोल फिरतो. हिशेबाला ३६० अंश धरू. गोदाकाठ ताईंच्या सूत्रात ५.३ मीटर घातले तर फरक ३३ मीटर लांबीचा, ३७ला १ ने ९० सेंटीमीटर. दोन्ही रुळांना एकच चढ दिला असता तर एकाच बोगद्यात एक रूळ दुसऱ्याच्या कंबरेएवढा वर गेला असता. तसं तिथे नाहीये, दोन्ही शेजारी शेजारी एकाच पातळीत बाहेर येतात. म्हणजे कुठेतरी चढ कमीजास्त केलेलाच असणार.

खडी_आणि_स्लीपर

आता मी बोलतो. रेल्वेच्या पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या खात्यात, आयुष्य गेलं, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. सिम्युलेटर मला येत नाही, पण रूळ येतात.

एकाच भरावावर दोन लाइन शेजारी शेजारी जात असतील तर त्यांचा चढ सारखा ठेवायचा नसतो. त्यांची लेव्हल, म्हणजे रुळाची उंची, सारखी ठेवायची असते. एका लाइनचं चेनेज (सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) धरायचं, तिची लेव्हल काढायची आणि त्याच चेनेजला काटकोनात शेजारच्या लाइनला तीच रेल लेव्हल द्यायची. शेजारच्या लाइनचा चढ मग जो येईल तो येईल. आतल्या लाइनला तेवढीच उंची कमी लांबीत चढायची आहे, म्हणून तिचा चढ किंचित जास्त. बाहेरच्या लाइनचा किंचित कमी.

किती ते बघा. पळसदरीकरांनी वळणाची त्रिज्या सांगितली नाही, समजा मधली लाइन ३५० मीटरची, आमच्या भाषेत ५ डिग्रीचं वळण, १७५० भागिले त्रिज्या केलं की डिग्री मिळते. मधली ३७ला १ ठेवली तर आतली येते ३६.४ला १ आणि बाहेरची ३७.६ला १. टक्क्यांत २.७४, २.७० आणि २.६६. ड्रायव्हरला हा फरक कळणारही नाही. पण तुमच्या क्रॉसओव्हरला कळतो.

पळसदरीकर

काका, अगदी ३५० च आहे त्रिज्या! न सांगता कशी ओळखलीत?

खडी_आणि_स्लीपर

ओळखली नाही, गणिताला सोपी पडते म्हणून घेतली.

मालगाडी५८

काका, एक शंका आहे, वाद घालत नाहीये. घाटात रुळाशेजारी चढाच्या पाट्या असतात त्यावर तर शेजारशेजारच्या लाइनला एकच आकडा दिसतो. मग वेगवेगळा चढ कसा?

खडी_आणि_स्लीपर

पाटी ड्रायव्हर आणि गार्डसाठी असते, पुढे साधारण किती चढ किंवा उतार आहे हे कळावं म्हणून. त्यावर ३६.४ लिहून कुणाचं काही भलं होणार नाही.

आणि तुम्ही सगळे ३७ला १ एवढंच धरून बसलाय, अजून एक गोष्ट यात आहे. वळणावर गाडीला जास्त ओढ लागते, चाकांच्या कडा (फ्लँज) रुळाला घासतात. म्हणून नवीन लाइन आखताना वळणावर चढ मुद्दाम कमी करतात. ब्रॉडगेजला डिग्रीमागे ०.०४ टक्के. ५ डिग्रीला ०.२ टक्के. म्हणजे सरळ रुळावर २.७ टक्के चालत असेल तर ५ डिग्रीच्या वळणावर २.५ च ठेवायचा, तो झाला ४०ला १. असं केलं की इंजिनाला सरळ काय आणि वळण काय, ओढायला सारखंच. आखणी चांगली झाली असेल तर गाडीत बसलेल्याला यातलं काहीच जाणवत नाही.

गोदाकाठ

काका, हे फारच सुंदर आहे. दर डिग्रीला ०.०४ आणि डिग्री म्हणजे १७५० भागिले त्रिज्या, म्हणजे सरळ ७० भागिले त्रिज्या केलं तरी चालेल ना?

खडी_आणि_स्लीपर

बरोबर. ७० भागिले आर हेच आम्हीही वापरायचो. शाबास.

सोनकी

ओपन रेल्स या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांचं दुःखही ऐका. ट्रेन्झमध्ये रूळ रबरासारखा वाकतो, आमच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या सिम्युलेटरपासून चालत आलेले ठरावीक मापांचे तुकडे आहेत. त्यात दोन गोष्टी होतात.

एक म्हणजे ५०० मीटरचा तुकडा चढावर तिरका केला की नकाशावर तो ५०० मीटर भरत नाही. ३७ला १ ला १८ सेंटीमीटर कमी भरतो. एका लाइनवर ५०० चे दोन आणि दुसरीवर १०० चे दहा घातले तरी हिशेब सारखाच, पण एका लाइनचा चढ मधे कुठे सोडून दुसरीचा पुढे सोडला की सांधे समोरासमोर येत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. वळणाचा तुकडा म्हणजे सपाट पत्र्यातून कापलेला कंस समजा. तो चढावर ठेवला की अख्खा पत्राच तिरका होतो. सुरुवातीला नीट चढतो, पण वळत वळत शेवटाला पोचेपर्यंत त्याचा थोडा चढ आडव्या कलात गेलेला असतो. १० अंशांच्या तुकड्यात ३७ला १ वर पाव अंशाहून थोडा जास्त आडवा कल येतो. ३० अंशांचा एकच तुकडा ठेवला तर पाऊण अंशाहून जास्त. म्हणून घाटात मी छोटे छोटे वळणाचे तुकडेच वापरते आणि प्रत्येक तुकड्याला चढ परत लावते. वेळ लागतो पण इलाज नाही.

वडापाव_एक्सप्रेस

सोनकी, तुमच्या त्या एडिटरमध्ये चढ अंशांत विचारतात की टक्क्यांत हे न बघता मी एकदा २.७ टाकलं होतं. ते अंश होते. २.७ अंश म्हणजे २१ला १! तीन बँकर लावूनही गाडी अर्ध्या घाटातून मागे यायला लागली, आणि मी दोन दिवस इंजिनाच्या फाइलमध्ये चूक शोधत होतो.

सोनकी

हाहाहा. ३७ला १ साठी १.५५ अंश. मॉनिटरला चिठ्ठी लावून ठेवलीय.

नवी_मुंबईकर

मी या विषयात नवीन आहे, एक बाळबोध प्रश्न. पळसदरीकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या लाइनपैकी चढणाऱ्या गाडीची अप लाइन कुठली, डावीकडची का?

पळसदरीकर

चढणारी गाडी डाऊन लाइनवरून जाते.

नवी_मुंबईकर

??

वडापाव_एक्सप्रेस

प्रत्येकाचं एकदा होतं हे, काळजी करू नका. मुंबईकडे येणारी ती अप, मुंबईहून निघालेली ती डाऊन. त्याचा डोंगराशी काही संबंध नाही. त्यामुळे कर्जतहून लोणावळ्याला धापा टाकत चढते ती डाऊन आणि ब्रेक दाबत उतरते ती अप. माझे आजोबा म्हणायचे, रेल्वेत मुंबई हीच सगळ्यात उंच जागा.

कसारा_फास्ट

आजोबांना नमस्कार _/\_

आणि कर्जतला बँकर लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उतरून घेतलेला गरम बटाटावडा, त्याची आठवण निघाल्याशिवाय बोरघाटावरची चर्चा पूर्ण होत नाही.

मांडवीतीर

आमच्या गोव्याकडच्या घाटाचं कुणी नावच घेत नाही. कुळे ते कॅसलरॉक, तोही ३७ला १, दूधसागर त्यातच आहे. सिम्युलेटरमध्ये मी तो केलाय आणि एकेरी लाइन असल्याने तुमचा हा त्रास मला झालाच नाही. पण आता तिथे दुपदरीकरणाचं चाललंय म्हणून दुसरी लाइन टाकायचा विचार होता. काकांना विचारायचं होतं, आधीची लाइन तयार असताना दुसरी टाकायची तर जुन्या लाइनच्या लेव्हलच धरायच्या का?

खडी_आणि_स्लीपर

चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर पळसदरीकरांनाही उपयोगी पडेल.

जिथे नवीन लाइन जुन्या भरावाला चिकटून आहे तिथे हो, जुन्या लाइनच्या लेव्हल. पण घाटात तसं सगळीकडे करता येत नाही. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, शेजारी जागाच नसते. मग नवीन लाइन वेगळ्या बोगद्यातून जाते, थोडी वरून किंवा थोडी खालून जाते आणि पुढे येऊन परत शेजारी लागते. बोरघाटात खिडकीत बसून बघा, शेजारची लाइन मधेच दिसेनाशी होते, मग वेगळ्याच उंचीवर दिसते. तुम्ही लोक सिम्युलेटरमध्ये तिन्ही लाइन कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत झेब्र्याच्या पट्ट्यांसारख्या समांतर टाकायला बघता, म्हणून तो घाट खोटा दिसतो.

तेव्हा आधी ठरवा की कुठे समांतर हव्यात. स्टेशन, केबिन, क्रॉसओव्हर, मोठे पूल, इथे लेव्हल एक. मधल्या भागात प्रत्येक लाइनला तिची तिची वाट काढू द्या. फक्त परत एकत्र यायच्या आधी पाचशे मीटरवरून तयारी करा, शेवटच्या पन्नास मीटरमध्ये उंची जुळवायला जाऊ नका. कसारा_फास्ट यांचं तेच झालं.

अंतराबद्दल पण सांगतो. ५.३ मीटर हे नवीन कामांचं माप आहे. जुन्या लाइनना कमीत कमी ४.२६५ मीटर अंतरही चालतं. १८६३ साली उघडलेल्या घाटात सगळीकडे ५.३ कसं सापडेल?

पळसदरीकर

काका, हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आलो. पळसदरीला राहत असताना मी रोज बघायचो की डोंगरातून जाताना एक गाडी वर आणि एक खाली दिसते. डोळ्यासमोर होतं आणि मी नकाशावर तीन सरळ रेषा ओढत बसलो होतो.

देवगिरी

आता ट्रेन्झमध्ये हे प्रत्यक्ष कसं करायचं ते कुणीतरी सांगा, माझाही एक मार्ग अडकलाय.

रुळावर_गाडी

माझं राउंडिंगचं निदान चुकलं, पण हे मला येतं, म्हणून भरपाई करतो.

मधली लाइन आधी पूर्ण करा. तिचे स्प्लाइन पॉइंट (रूळ ज्यांना धरून वाकतो ते बिंदू) विचार करून ठेवा, वळण सुरू होतं तिथे एक, संपतं तिथे एक आणि मधे ठरावीक कोनावर, मी १५ अंशांवर ठेवतो. या लाइनलाच फक्त ग्रेडियंट टूल लावायचं. मग प्रत्येक पॉइंटपाशी काटकोनात रूलर टाका आणि त्या रूलरवर शेजारच्या लाइनचा पॉइंट येईल असं बघा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण स्प्लाइनचा आकार पॉइंट कुठे आहेत त्यावर ठरतो, एका लाइनचे पॉइंट पुढे आणि दुसरीचे मागे असतील तर वळणाच्या मध्यावर अंतर ५.३ चं ५ होतं आणि परत ५.३ होतं, डबे एकमेकांना घासतायत असं वाटतं.

आता मधल्या लाइनच्या पॉइंटवर गेट हाइट (उंची उचला), शेजारच्या लाइनच्या पॉइंटवर अप्लाय हाइट (तीच उंची लावा). पुढचा पॉइंट, परत तेच. शेजारच्या लाइनना ग्रेडियंट टूल अजिबात लावायचं नाही. काका म्हणाले तेच, चढ जो येईल तो येईल.

आणि एक, हे सगळं झाल्याशिवाय जमीन रुळाला जुळवायचं टूल वापरू नका. जमिनीची जाळी १० मीटरची किंवा फार तर ५ मीटरची असते आणि आपल्या लाइन ५.३ मीटरवर. एका लाइनसाठी जमीन उचलली की शेजारची पण उचलली जाते. पळसदरीकर, तुमची आतली लाइन ६० सेंटीमीटर खाली होती ना, ती जमिनीत गाडली गेली असेल बघा.

पळसदरीकर

गेली होती! मला वाटलं खडी नीट दिसत नाहीये म्हणून मी टेक्स्चर बदलत बसलो होतो. अरे देवा.

मालगाडी५८

ट्रेन्झच्या नव्या आवृत्तीत जमिनीची जाळी खूप बारीक करता येते, साडेबारा सेंटीमीटर. तिथे दोन लाइनच्या मधे पायरी दाखवता येते. पण मशिन चांगलं लागतं, माझ्या लॅपटॉपचा पंखा बँकरपेक्षा मोठ्याने वाजायला लागला.

गोदाकाठ

पायरीवरून एक विचार. चढ जिथे सुरू होतो तिथे काय? सपाट स्टेशनातून एकदम ३७ला १ केलं तर तिथे कोपरा नाही का येणार?

खडी_आणि_स्लीपर

येणार, म्हणून उभं वळण देतात, म्हणजे चढ हळूहळू बदलत नेतात. स्टेशनचं यार्ड जास्तीत जास्त ४००ला १, म्हणजे पाव टक्का. तिथून २.७ वर जायचं म्हणजे बदल जवळपास अडीच टक्क्यांचा. उभ्या वळणाची त्रिज्या २५०० मीटर धरली तर साठेक मीटर लांबी लागते. समांतर लाइनला ही उभी वळणंही एकाच चेनेजला सुरू व्हायला हवीत, नाहीतर साठ मीटर एक लाइन दुसरीच्या वरखाली नाचते. आणि उभ्या वळणावर सांधे (गाडी दुसऱ्या रुळावर वळवतात ते) बसवू नका.

सोनकी

काका, तुम्ही आमच्याकडे या हो एडिटर शिकायला. आम्ही शिकवतो.

खडी_आणि_स्लीपर

नातू म्हणतोय लावून देतो. बघू.

पळसदरीकर

आठ दिवसांनी परत आलोय, अपडेट देतो.

सरावाचा तुकडा पूर्ण पुसला. रुळावर_गाडी यांच्या पद्धतीने मधली लाइन केली, १५ अंशांवर पॉइंट, शेजारच्या दोन्ही लाइनना फक्त उंची. वर पोचल्यावर तिन्ही लाइनची उंची सेंटीमीटरपर्यंत एक. आतल्या लाइनवर चढ मोजला तर २.७४ आला, काकांनी कागदावर सांगितलेला तोच. क्रॉसओव्हरवरून ५८ डब्यांची मालगाडी नेली, एकही डबा उडाला नाही. घरात सगळे झोपले होते म्हणून ओरडता आलं नाही.

मग खऱ्या बोरघाटाकडे वळलो. आता सगळीकडे समांतर करत नाहीये. ठाकूरवाडी, नागनाथ आणि मंकी हिलच्या पातळ्या आधी पक्क्या केल्या आणि मधे मिडल लाइनला वेगळी सोडली. पहिल्यांदाच तो डोंगर मला ओळखीचा वाटला.

अडलंय ते कॅच सायडिंगपाशी (ब्रेक न लागलेली गाडी अडवायला काढलेला बाजूचा रूळ). उतरणाऱ्या लाइनवरून सायडिंग फुटते ती उलट चढते, तिथे २.७ टक्के उतार एकदम मोठा चढ होतो आणि सांध्यावर परत ते कुबड आलंय.

खडी_आणि_स्लीपर

सांधा आणि त्याच्या पुढचा क्रॉसिंगपर्यंतचा (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथपर्यंतचा) भाग मुख्य लाइनच्याच उतारावर ठेवा, तिथे दोन्ही रूळ एकाच पट्टीत असतात, वेगळी लेव्हल देताच येत नाही. क्रॉसिंग संपून दोन्ही लाइनमध्ये पुरेसं अंतर पडलं की मगच सायडिंगला उभं वळण देऊन वर न्या. तुम्ही पहिल्याच पॉइंटला वर उचलली असणार.

पळसदरीकर

हो, पहिल्याच पॉइंटला. आज रात्री बदलतो.

वडापाव_एक्सप्रेस

पळसदरीकर, माझ्याकडे कर्जतला मागच्या डब्यातून रेकॉर्ड केलेला बँकरचा आवाज आहे, अकरा मिनिटांचा, गाडी सुटल्यापासून पहिल्या बोगद्यापर्यंत. व्यनि करतो, घाटाला लावा.